चिंचोक्यांचं गणित आणि बाईंचा वेळ

दुसरीतल्या पोराला 'त्रेसष्ट' लिहायला सांगा. बरीच पोरं ३६ लिहितात. मग घरचं कुणीतरी टपली मारतं, "लक्ष कुठंय तुझं?" अहो, लक्ष आहे म्हणून तर चुकलं! 'त्रे' आधी ऐकू आलं, त्यानं ३ आधी लिहिला. आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस. नाव तिसाचं आणि आकडा विशीतला. शेजारच्या कन्नडमध्ये आधी वीस म्हणतात, मग एक. तिथल्या पोराला ही कसरत नाही.

आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विधिमंडळात टिंगल झाली, व्हॉट्सअॅपवर विनोदांचा पूर आला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे कारण सांगत होत्या. ऐकायला कुणाला वेळ होता? भाषा बुडाली की नाही यावर सगळे बोलले, ३६ लिहिणाऱ्या पोराबद्दल जवळपास कुणीच नाही. असो.

मध्यंतरी बातमीच्या निमित्तानं तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत अर्धा दिवस बसलो. बाई दुसरी-तिसरी एकत्र घेत होत्या. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यावर ० ते ९ आकडे लिहिलेले. दोन पोरं समोरासमोर. प्रत्येकानं दोन पत्ते उचलायचे आणि मोठ्यात मोठी संख्या करायची. एकीकडं ३ आणि ६ आले. त्यानं ३६ मांडलं. शेजारची पोरगी ओरडली, "येड्या, उलटं कर की, त्रेसष्ट होतंय!" बाई काहीच बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आता दोन्ही काड्यांनी दाखवा." दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, वरून रबर. सहा गठ्ठे तीन काड्या, आणि तीन गठ्ठे सहा काड्या. पोरगा दोन्हीकडं बघत राहिला आणि स्वतःच हसला.

मग तिसरीची वजाबाकी. ५२ वजा २७. फळ्यावर एकानं ३५ उत्तर काढलं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. लहान आकडा मोठ्यातून वजा करायचा, एवढंच त्याच्या डोक्यात. बाईंनी त्याच्या हातात पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या. "मला सात सुट्या दे." त्याच्याकडं दोनच. थोडा वेळ गेला. मग त्यानं एका गठ्ठ्याचं रबर काढलं, सुट्या झाल्या बारा. सात दिल्या, पाच उरल्या. राहिलेल्या चार गठ्ठ्यांतले दोन दिले, दोन राहिले. पंचवीस! 'हातचा' म्हणजे काय हे मलाही इतकं स्पष्ट कुणी दाखवलं नव्हतं. आम्हाला फक्त 'शेजारून उसना घे' सांगितलेलं.

पण खरी गोष्ट पुढं आहे. बाई तिथं थांबल्या नाहीत. काड्या मांडल्या की वहीत त्यांचं चित्र काढायचं, चित्राशेजारी आकडे लिहायचे, आणि काय केलं ते तोंडानं सांगायचं. बाई म्हणाल्या, "भाऊ, नुसतं खेळवलं तर पोरं खूश होतात, गणित काड्यांतच राहतं."

म्हणून मला 'बालबाजारा'च्या फोटोंचा कंटाळा येतो. दर हिवाळ्यात आमच्याकडं ढीगभर येतात. फीत कापणारे साहेब मध्ये, मेथीची जुडी धरलेली पोरगी कडेला. उपक्रम वाईट नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्या बाजाराचा हिशोब वहीत किती शाळांत उतरतो?

२०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला. नोबेलविजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात होते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात विकणारी मुलं अवघड हिशोब तोंडी करत होती, पण पुस्तकी मांडणीत तसलीच गणितं अडत होती. शाळेतल्या मुलांचं बरोबर उलटं. आपल्या आठवडी बाजारात बघा. ३४० ची भाजी, ५०० ची नोट. पोरगं म्हणतं, "दहा साडेतीनशे, पन्नास चारशे, आणि हे शंभर." १६० परत दिले. वजाबाकी केलीच की त्यानं! फक्त वर्गात कुणी त्याला सांगत नाही, की बाबा, हीच ती.

हे सांगायला बाई वर्गात पाहिजेत. मी होतो त्या अर्ध्या दिवसात त्यांना 'माहिती तातडीनं भरा' म्हणून तीन फोन आले. दुसरे गुरुजी बैठकीला गेलेले, म्हणजे चारही वर्ग त्यांच्याच गळ्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक काम शिक्षकांना द्यायची मनाई आहे. कागदावर. आणि 'निपुण भारत'चं उद्दिष्ट काय? २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशोब करता यावा.

दुसऱ्या एका शाळेत तर गणिताच्या साहित्याची पेटी कपाटात कुलपाखाली होती. पोरं मणी हरवतात, तपासणीला मोजून दाखवावं लागतं. आणि बाहेर पालक म्हणतात, "इथं नुसतं खेळवतात, प्रायव्हेटमध्ये पानंच्या पानं लिहून घेतात." नाव काढतात. पट घसरतो.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. पुढच्या बैठकीत जा. भिंत रंगवायचं नंतर बघू, आधी विचारा, पेटी उघडी आहे का आणि गेल्या महिन्यात बाई किती दिवस वर्गात होत्या.

आणि हो, त्या बाईंकडं चिंचोके संपत आलेत. घरात चिंच फोडली तर टाकू नका, मला निरोप द्या, मी पोचवतो.