पिशवी न घेता बाहेर पडताना

आपल्याकडे बाई घराबाहेर पडली की तिच्या हातात पिशवी असावी लागते. भाजीची, दळणाची, औषधांची, नाहीतर निदान देवळात न्यायची फुलांची परडी तरी. पिशवी दिसली की शेजारीण "कुठे निघालात?" असं नुसतं विचारायचं म्हणून विचारते. पिशवी नसली की तोच प्रश्न जरा वेगळ्या सुरात येतो. पुरुष पान खायला म्हणून कोपऱ्यावर जातो आणि दीड तासानं परत येतो, त्याला कुणी हिशेब मागत नाही. आपल्याला मात्र उत्तर तयार ठेवूनच चपला घालाव्या लागतात. खरं ना?

बत्तीस वर्षं संसार केल्यावर मी अशी पिशवी न घेता बाहेर पडू लागले, त्याला आता दोन वर्षं होतील. आमच्या पुण्यात महिन्यातल्या एका रविवारी सकाळी जुन्या पेठांतून पायी हिंडणारा एक गट आहे. निवृत्त शिक्षक, दोन डॉक्टरीणबाई, बँकेतल्या नोकरदार मुली, माझ्यासारख्या पाच-सहा गृहिणी, अशी वीसेक माणसं. वर्षातून एकदा बाहेरगावची सहल असते, आणि तीसुद्धा नाशिकच्या द्राक्षमळ्यांकडे, वाइन कशी करतात ते पाहायला.

मी नाव नोंदवलं तेव्हा आमचे हे हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "आपल्याच गावात, आपल्याच पायांनी चालायचं, आणि वर त्यांना दीडशे रुपये द्यायचे?" मी म्हटलं, "अहो, चालण्याचे नाहीत, थांबण्याचे आहेत." मला तरी त्या वेळी इतकंच सुचलं. पण पुढे तेच खरं ठरलं. लक्ष्मी रस्त्यावरून मी आयुष्यात हजार वेळा गेले असेन, पण थांबले ती दुकानाच्या पायरीशीच.

पहिलीच फेरी कसबा पेठेतली होती. तांबट आळीत शिरल्यावर तांब्याच्या पत्र्यावर पडणारे हातोड्याचे घाव ऐकू आले. भांड्यावर जे ओळीनं ठोके दिसतात ना, त्याला मठारकाम म्हणतात. आमच्या घरच्या बंबावर तेच ठोके आहेत, आणि मी मेली इतकी वर्षं ती नुसती नक्षी समजून चिंचेनं घाशीत होते! ठोक्यांनी पत्रा घट्ट आणि मजबूत होतो, हे तिथल्या कारागिरानं हातातलं काम न थांबवता सांगितलं.

मग कळलं की आपण ज्यांना वारांच्या नावानं ओळखतो त्या पेठांना आधी दुसरीच नावं होती. रविवार पेठ म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर, शनिवार म्हणजे मुर्तझाबाद. पासोड्या विठोबाला हे नाव पडलं ते तिथं पासोड्यांचा बाजार भरायचा म्हणून. हुजूरपागा ही आपल्या मुलींची शाळा, १८८४ साली सुरू झालेली. पण नावातली पागा म्हणजे पेशव्यांची घोड्यांची पागा. जिथं घोडे बांधायचे तिथं पुढे मुली शिकल्या, यावर आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "बरं झालं, दावणी तरी सुटल्या." सगळ्या हसलो.

बुधवार पेठेत भिडे वाड्याच्या जागेपुढे मात्र कुणी हसलं नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती या वाड्यात. वाडा पार मोडकळीला आला होता, आणि राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला. समोर दगडूशेठचा गणपती. त्या रांगेत मी किती वेळा उभी राहिले असेन! पाठीमागे कोणती जागा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं मी घरी येऊन सांगायची ती सासूबाईंना. त्या आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. आमच्यात भांडण कधीच नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. गोळी घेतली का, पेज देऊ का, एवढंच. एका रविवारी मी ओंकारेश्वराच्या बाजूला जाऊन आले म्हटल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "नारायण पेठेत शिरला होतात का गं?" त्यांचं माहेर तिथलं. मग बोलत्या झाल्या. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या, लग्नाला वर्ष झालेलं. माहेरच्या घराच्या भिंती मातीच्या, त्या पाण्यात विरघळूनच गेल्या म्हणाल्या. त्यांच्या आईनं शिवणाचं मशीन माडीवर नेलं, पण दागिन्यांचा डबा खालीच राहिला. "आई म्हणायची, दागिने घालून पोट भरत नाही, मशीन चालवून भरतं." पुढे दोन वर्षं त्या मशीनवरच घर चाललं. बत्तीस वर्षांत ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. आता दर फेरीआधी त्या मला कामं सांगतात: अमका हौद आहे का बघ, तमक्या बोळात पिंपळ होता, तो आहे का बघ.

इथवर सगळं सोपं होतं. अवघड होती ती नाशिकची सहल.

आमच्या घरात दारू हा शब्द उच्चारत नाहीत. माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान पिण्यापायी गेले, त्याला एकोणीस वर्षं झाली. चांगली नोकरी गेली, घर गेलं, शेवटी यकृत गेलं. वन्संनी दोन मुलींना शिकवण्या घेऊन वाढवलं. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय जाहीर केला आणि घरोघर वाद झाले, तेव्हा आमच्याकडे हे उठून टीव्ही बंद करून आले होते. अशा घरातली सून वाइन बघायला निघाली म्हणजे काय, ते तुम्हीच समजा.

ह्यांनी "मला काही विचारू नकोस" म्हणून अंग काढून घेतलं. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "जायचं तर जा. पण तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. तू तुझ्या तोंडानं सांग."

दुसऱ्या दिवशी मी वन्संकडे गेले. त्या मटार सोलत होत्या. मीही सोलायला बसले आणि सोलता सोलता सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला नाही. परात निम्मी भरल्यावर म्हणाल्या, "अगं, आयुष्यभर मी रिकाम्या बाटल्याच बघितल्या. माळ्यावर, कपाटामागे, तांदळाच्या डब्यात. ती भरतात कुठे, ते मला एकदा बघायचंय. एक जागा शिल्लक आहे का विचार."

मला काय बोलावं कळेना. जागा शिल्लक होती.

फेब्रुवारीत आम्ही पहाटे पाचला निघालो. पुण्याहून नाशिक दोनशे दहा किलोमीटर. पहिला दिवस जुन्या नाशकाचा: गोदाघाट, भांडी बाजार, आणि काळाराम मंदिर. डॉक्टर आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला तो याच दाराशी. वन्संनी पायरीला हात लावून नमस्कार केला आणि बराच वेळ त्या बाहेरच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी द्राक्षमळा. आपण खातो ती द्राक्षं मोठी, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. तोडणी जानेवारी ते मार्च. उन्हानं फळ तापू नये म्हणून तोडणी भल्या पहाटे उरकतात. तोडणीला बायकाच जास्त होत्या. त्यांच्यातल्या एकीनं आम्हांला उलट विचारलं, "तुम्ही हे प्यायला एवढ्या लांबून आलात होय?" तिच्याजवळ उत्तर द्यायला आमच्यापैकी कुणीच पुढे झालं नाही.

आतला मुलगा छान समजावून सांगत होता. आपण इडलीचं पीठ आंबवतो तसाच हाही आंबवण्याचाच प्रकार. यीस्ट द्राक्षातली साखर खातं आणि तिचा अल्कोहोल होतो. लाल वाइन सालीसकट आंबवतात, पांढरी करताना रस आधी गाळून साल वेगळी करतात. स्टीलच्या उंच टाक्या, बाहेरून गार ठेवलेल्या. सगळं स्वच्छ, एखाद्या डेअरीसारखं.

वन्संनी हात वर केला. शाळेतल्यासारखा. "यात दारू किती?"

तो म्हणाला, "बारा-तेरा टक्के, मॅडम. व्हिस्की-रममध्ये बेचाळीस-त्रेचाळीस असते."

वन्संनी गणित शिकवण्यात जन्म घालवलेला. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला. "म्हणजे शंभर मिलिलिटर वाइन घेतली काय आणि तीस मिलिलिटरचा छोटा पेग घेतला काय, आत गेलेली दारू जवळजवळ तेवढीच." मुलगा जरा गोंधळला, पण हो म्हणाला. कंपूतल्या दोघीतिघींनी हातातल्या पेल्याकडे पुन्हा बघितलं. वाइन म्हणजे काय, द्राक्षाचं सरबतच, असं म्हणणाऱ्या पुष्कळ भेटतात. मैत्रिणींनो, तो हिशेब लक्षात ठेवा.

मग चव घेण्याचा कार्यक्रम. प्रत्येकापुढे चार पेले, तळाशी घोटघोटभर. वन्संनी स्वतःसाठी पाणी मागून घेतलं. मी एका पांढऱ्या वाइनचा एक घोट घेतला. आंबट, जरा पेरूसारखा वास. वाईट नव्हती, पण त्यासाठी एवढा प्रवास करीन अशीही नव्हती. टेबलावर मध्ये एक भांडं ठेवलेलं होतं. चव घेतल्यावर उरलेली त्यात ओतून द्यायची, असा तिथला रिवाज. मी माझी ओतली. वन्सं त्या भांड्याकडे बघत राहिल्या. हळूच म्हणाल्या, "ओतून द्यायला भांडं ठेवलंय गं. आमच्याकडे कुणी एक थेंब ओतू दिला असता तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी बाहेर येऊन वेलींच्या रांगेत चालत राहिलो. बत्तीस वर्षांत त्या यजमानांविषयी पहिल्यांदा बोलल्या, आणि फक्त वाईटच बोलल्या असं नाही.

म्हणून कुणी विचारलं, की अशा सहलीला जावं का, तर मी सरळ हो किंवा नाही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की मद्याचं अमुक इतकं प्रमाण सुरक्षित, असं काही नाही. आणि बायकांना होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध आहे. आपल्या महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून, आडव्या बाटलीला मत देऊन, गावातली दुकानं बंद पाडली आहेत. ते त्यांनी हौसेनं केलेलं नाही. घरात ज्याचा तोल जातो असं माणूस असेल, तर ही सहल सोडून द्यावी. पण स्वतः न पिता, डोळे उघडे ठेवून पाहून यायला हरकत नाही, हे मी वन्संकडून शिकले.

पायी फेऱ्यांना मात्र माझं उत्तर सरळ हो आहे. तुमच्या गावातही असा गट असेल. नसला तर चौघीजणींनी मिळून काढा, सोबत गावातला एखादा जुना जाणता माणूस घ्या. थोड्या गोष्टी सांभाळाव्यात. निघण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून घ्यावं, यात लाजू नये. चपला नकोत, बूट घालावेत. साडीवरही चालतात, कुणी हसत नाही. पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याची चिक्की जवळ असावी. बाहेरगावी जायचं तर एकटीनं जाऊ नये, एक ओळखीची बरोबर असावी, आणि गाडी चालवणारा चव घेणाऱ्यांत नाही ना, हे निघण्याआधीच ठणकावून विचारावं. लोकांच्या दारात उभं राहून फोटो काढू नयेत. तिथे माणसं राहतात. आणि आदल्या रात्री कणीक मळून ठेवली, तर रविवारची पोळी ह्यांनाही लाटता येते. पहिली एक-दोन वेडीवाकडी होतात, तिकडे लक्ष देऊ नये.

येत्या रविवारी आमची फेरी सोमवार पेठेत आहे. सासूबाईंनी एका विहिरीची चौकशी करायला सांगितली आहे. वन्संनी या खेपेला स्वतःचे दीडशे रुपये स्वतः भरले आहेत, आणि त्यांच्या शेजारणीचेही.