काळी चार आणि एक छोटं खोकं

बेस गिटार हे वाद्य वाजत असतं तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, आणि थांबलं की काहीतरी गेल्यासारखं वाटतं. पुण्यात ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा लोक विचारायचे, "तुमच्या गिटारला चारच तारा कशा हो?" आता लेण्याद्रीच्या डोंगराखाली आमच्या गावी राहायला आल्यापासून प्रश्न बदललाय. "भजनात हे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. वीणा आहे, टाळ आहेत, पखवाज आहे, पेटी आहे. वारकरी भजनात कुणालाही कधी बेस गिटारची उणीव भासलेली नाही. माझं उत्तर एवढंच की अण्णांना ऐकू यावं म्हणून.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय वर्षं 81. जन्मभर भजनात मागे उभं राहून धृपद उचलणारे. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी देवळात जाणं हळूहळू बंद केलं. कारण विचारलं तर म्हणायचे, "गुडघे." गुडघे दुखतात हे खरंच, पण खरं कारण कान होतं. वयामुळे ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरचे, बारीक आवाज जातात. शब्दांतला स, श, त, क हा भाग तिथेच असतो. म्हणजे कुणीतरी गातंय हे कळतं, काय गातंय ते कळत नाही. कानाचं यंत्र आहे, पण पंधरा जोड टाळ एकदम वाजले की ते यंत्र टाळच मोठे करून कानात घालतं. अण्णा ते काढून खिशात ठेवतात. मग आपण कुठल्या ओळीवर आहोत ते समजेना, चुकीच्या जागी आवाज लागला की शेजारचा वळून बघणार. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

पण खालचे आवाज त्यांना अजून चांगले येतात. ट्रॅक्टर कुणाचा गेला ते ओळखतात. ओसरीवर मी सराव करत असलो की बोट मांडीवर चालू असतं. तेव्हा डोक्यात आलं, की भजनात खालून स्वराचा एक धागा मिळाला तर ते परत उभे राहतील. त्यासाठी अ‍ॅम्प पाहिजे, आणि तो छोटाच पाहिजे. ऑर्केस्ट्राचे कपाटाएवढे स्पीकर टेम्पोतून यायचे. नारायणगावच्या तमाशाच्या फडांचा साउंड ज्यांनी ऐकलाय त्यांना तो मामला ठाऊक आहे. इथे आमचं देऊळ, वीस-पंचवीस माणसं, आणि एका हातात उचलून दुचाकीवर पुढे ठेवता येईल एवढं खोकं. त्यात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दोन्ही. यालाच कॉम्बो म्हणतात.

आता गंमत सुरू होते. दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "किती वॉटचा?" मंडळी, वॉट हा आकडा फार फसवा आहे. वॉट दुप्पट केले तर आवाज 3 डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला 'जरासा वाढला' इतकंच. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यामुळे 15 वॉट की 20 वॉट यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. स्पीकर केवढा आणि खोकं केवढं, हे आधी बघावं.

कारण खालचा स्वर म्हणजे हवा ढकलण्याचं काम आहे. तेवढ्याच जोरात एक सप्तक खाली वाजवायचं तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे व्हावं लागतं. (साध्या गिटारच्या अ‍ॅम्पवर बेस जोरात वाजवला की पडदा फाटायची भीती असते ती यामुळेच.) केएलएच ही स्पीकर कंपनी काढणाऱ्या तिघांपैकी एक, हॉफमन, यांच्या नावानं एक नियम सांगतात: लहान खोकं, खोल स्वर आणि थोड्या विजेत भरपूर आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडावीच लागते. हे अडचण पहिल्यापासूनची आहे. लिओ फेंडरनं 1951 साली प्रिसिजन बेस काढला आणि पाठोपाठ 1952 साली त्यासाठी बेसमन अ‍ॅम्प, तर त्यात स्पीकर घातला 15 इंचांचा. वॉट पंचवीसच्या आसपासच, पण खोकं मोठं.

तर आपण काय सोडायचं? याचं उत्तर दुकानात मिळत नाही, आपण काय वाजवणार त्यात मिळतं. बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ई, 41 हर्ट्झ. सगळी माहितीपत्रकं तिथवर पोचायच्या गप्पा मारतात. पण आमच्या भजनाची पट्टी काळी चार. तिचा खालचा षड्ज माझ्या गिटारवर चौथ्या पडद्यावर येतो, साधारण 52 हर्ट्झ. त्याखाली मला जायचंच नाही. 41 चा हट्ट सोडला की लहान खोक्याचा विचार करता येतो.

तीन जागी बसून ऐकलं. बॅटरीवर चालणारा रोलंडचा मायक्रो क्यूब बेस, चार-चार इंचांचे चार स्पीकर. घरात झकास, पण पखवाजापुढे पार नाहीसा होईल. फेंडरचा रम्बल 25, आठ इंची स्पीकर. जवळ जवळ जमला होता. मग रम्बल 40, दहा इंची, वजनाला आठेक किलो. याला मागे लाइन आउट आहे, म्हणजे सप्ताहाच्या मोठ्या मांडवात सरळ मांडववाल्याच्या मिक्सरला जोडता येतो आणि खोकं फक्त आपल्या कानाशी राहतं. तोच घेतला, एका वाजवणाऱ्याकडून, जुना.

घरी आणला तर माजघरात एकच स्वर घुमायला लागला. खोली दहा बाय बारा. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा स्वर नेमका अडकतो आणि फुगतो, आणि माझा षड्ज त्याच्या शेजारीच. बेसच्या अ‍ॅम्पबद्दल कुणी 'घुमतो' अशी तक्रार केली तर आधी खोली मोजावी. कोपऱ्यातून काढून पाटावर ठेवला, निम्मं काम झालं. वर लेण्याद्रीला सातव्या लेण्यात, जिथे गिरिजात्मज आहे, त्या भल्यामोठ्या सभामंडपात एकही खांब नाही, भोवती वीस खोल्या कोरलेल्या. दगड आवाज पीत नाही. एकट्या माणसाची आरतीसुद्धा तिथे भरून राहते. गावातल्या देवळाचं तसं नाही. तीन बाजू उघड्या, वर पत्रा. तिथे घुमणं गेलं आणि दुसरंच संकट आलं, पखवाज.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, कणीक लावतात. वजन वाढलं की कातडं सावकाश हलतं, आवाज खाली जातो. म्हणजे आमच्या बुवांचा बेसचा खटका ही कणकेची गोळी. खालची जागा त्यांची, शेकडो वर्षांची. मी तिथे घुसलो तर दोघांचाही चिखल होतो. म्हणून मी अ‍ॅम्पवरचा बेस नावाचाच खटका कमी केला आणि मधला वाढवला. बुवा हसून म्हणाले, "आता कसं, ज्याचं त्याला."

पण मग खालचा षड्ज ऐकू कसा येतो? खरं सांगायचं तर एवढ्याशा खोक्यातून 52 हर्ट्झ बेताचाच बाहेर पडतो. जोरात निघतात ते त्याच्या वरचे, 104, 156. कान ते ऐकतो आणि मेंदू हिशोब मांडतो, की हे ज्याच्या पटीत आहेत तो मूळ स्वर अमुक. न वाजलेला स्वर आपल्याला ऐकू येतो. फोनच्या टिचभर स्पीकरवर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो तो यामुळेच.

हे कळलं आणि मी अण्णांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. तेही तेच करतात. अभंगाचे निम्मे शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, पण साठ-पासष्ट वर्षं म्हटलेले अभंग आहेत ते. फक्त कुठे आलो आहोत एवढं कळलं की पुढचं ते स्वतः भरून काढतात. त्यांना मोठा आवाज नको होता, सम आणि षड्ज हव्या होत्या.

गेल्या दोन-तीन एकादश्या अण्णा येतात. अ‍ॅम्प लाकडी बाकड्याच्या एका टोकाला, अण्णा दुसऱ्या टोकाला, कारण लाकडातूनही थोडं पोचतं. यंत्र खिशात. कधी धृपद बरोबर जागेवर उचलतात, कधी नाही. बिबट्यामुळे हल्ली भजन लवकर आटपतं. उसातून अंधारात घरी जायची कुणाची तयारी नसते. अण्णांची त्यावर कुरकुर असते की अजून दोन अभंग झाले असते. ही कुरकुर ऐकायला मला फार बरं वाटतं.

असो. तुम्ही छोटा अ‍ॅम्प घेणार असाल तर एवढंच करा. तुमची पट्टी कुठली, तिचा खालचा स्वर किती, खोली केवढी आणि शेजारी कुठलं वाद्य, हे कागदावर लिहून न्या. आणि जमलं तर ज्याला ऐकवायचंय त्यालाही बरोबर न्या. दुकानात बसून मी माझ्या कानांनी निवडला, पण आवाज किती ठेवायचा ते शेवटी अण्णांनीच ठरवलं. मी ठेवला होता त्यापेक्षा कमी.