शेताच्या बांधाखाली समुद्र

कोकणात समुद्र दिसण्याआधी त्याची वर्दी येते. हवा चिकट होते, माडांचे शेंडे दिसू लागतात, कुठून तरी सुक्या मासळीचा वास येतो. फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या पे द को नावाच्या मुलखात यातलं काही म्हणजे काही घडत नाही. सायकल चाललीय. दोन्ही बाजूंना गहू, मग साखरेचं बीट, मग बटाटा, की पुन्हा गहू. वर आभाळात चंडोल गातोय, दिसत मात्र नाही. नाकात ओल्या गवताचा आणि गोठ्याचा वास. घाटावरच्या कुठल्याही सुखवस्तू तालुक्यात असावं तसं सगळं. आणि एकदम गहू संपतो! सुरीनं कापल्यासारखा. वाळू नाही, झाडं नाहीत, कठडा तर नाहीच. शेवटच्या ओंबीपासून पाचपन्नास पावलांवर जमीनच नाही, आणि खाली शंभरेक मीटरवर समुद्र उसळतोय.

मी सायकल गवतात आडवी टाकली आणि लांबूनच मान उंचावून पाहिलं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर सरपटत जाऊन खाली बघायची आपली रीत आहे. इथं ती चालत नाही, कारण हा कडा दगडाचा नाही, खडूचा आहे. अक्षरशः खडूचा. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातल्या डोळ्यांनाही न दिसणाऱ्या शेवाळांची कवचं तळाशी साचत गेली आणि त्याचा हा पांढराफेक डोंगर झाला. आपला काळा सह्याद्री लाव्हातून उभा राहिला तो याच्यानंतर! पांढऱ्यावर गारगोटीच्या काळ्या रेघा, एकाखाली एक, वहीच्या पानासारख्या आखलेल्या. पावसानं आणि थंडीनं हा खडू भुसभुशीत होतो, खालून लाटा पाया पोखरतात आणि मग एखाद्या दिवशी आख्खा कडा कोसळतो. त्या राड्यानं खालचं पाणी दुधात हिरवा रंग कालवल्यासारखं दिसतं. किनारा वर्षाला सरासरी वीसेक सेंटीमीटर मागं सरकतो म्हणतात. पण तो असा इमानदारीत थोडाथोडा सरकत नाही. वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि एका रात्रीत कुणाच्या तरी शेताची कड घेऊन जातो.

वरून सपाट दिसणारं हे पठार सायकलवाल्याचा घाम काढतं. दर काही किलोमीटरवर पावसाच्या पाण्यानं कोरलेली एक घळ समुद्राकडे उतरते. तिच्या तळाशी चिमुकलं गाव, दगडगोट्यांची पुळण आणि दोनचार होड्या. इपोर, पतित दाल, व्हलेत, सगळी गावं अशीच कड्यांच्या बेचक्यात बसलेली. रस्ता गर्द झाडीतून भन्नाट खाली सुटतो, कानात वारा घोंघावतो, डोळ्यांतून पाणी येतं. पुळणीला टेकले न टेकले तोच समोर चढ! आपल्या वरंध घाटाचं बरं असतं, एकदा चढलं की चढलं. इथं कमावलेली सगळी उंची समुद्राला परत करायची आणि लहानात लहान गिअरवर पुन्हा पहिल्यापासून कमवायची, तीही दिवसभर. 2015 च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीचा आबव्हिल ते ल हाव्र हा टप्पा याच किनाऱ्यानं गेला. त्या मंडळींनी हे चढ कसे चढले असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी मध्ये दोनदा थांबून गाई बघितल्या. गाई छानच होत्या.

आणि मग ती निळाई. फेकाँच्या पुढं एका वळणावर वाटलं, समुद्र आज चुकीच्या बाजूला कसा? डावीकडे समुद्र होताच, पण उजवीकडेही तसंच निळं पाणी हलत होतं. जवळ गेले तर जवस! विदर्भात ज्याची चटणी करतात, इतरत्र ज्याला अळशी म्हणतात, तेच हे झाड. पण आपल्याकडे ते बियांसाठी लावतात, गुडघ्याएवढं होतं. इथं धाग्यासाठी लावलेलं, एकेक काडी कमरेला लागणारी. फुलाला पाच पाकळ्या, इतक्या पातळ की पलीकडचं बोट दिसावं. वाऱ्याची झुळूक आली की आख्ख्या पठारावरून निळी लाट पळत जाते आणि कड्यावरून खऱ्या समुद्रात उडी घेईल असं वाटतं. दुपारी त्याच रस्त्यानं परत आले तर शेत नुसतं हिरवं! फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढेतो गळून जातं. दुसऱ्या सकाळी दुसरी फुलं. असे काही दिवस, की जून संपता संपता खेळ खलास.

तागासारख्या धाग्याच्या या जवसाचा जगातला सर्वात मोठा उत्पादक फ्रान्स, आणि फ्रान्सात पहिला नंबर नॉर्मंडीचा. समुद्राची ओलसर हवा आणि पठारावरची खोल, मऊ माती त्याला मानवते. एका शेतकऱ्यानं मला कोठारात नेऊन मागच्या हंगामातली काडी हातात दिली. आपण हरभरा उपटतो तसं हे पीक मुळासकट उपटतात, माणसं नव्हे, यंत्रं. मग ते शेतातच ओळीनं आडवं पसरून ठेवतात. आपण अंबाडी डोहात दगडाखाली दाबून कुजवतो, तेच काम इथं दहिवर करतं. काही आठवडे पाऊस, दव आणि ऊन खाऊन काडी रुपेरी करडी होते, तिच्यातला डिंक सुटतो. शेतकऱ्यानं ती काडी दोन्ही हातांनी चुरली. भुसा खाली गळला आणि बोटांत उरला केसांसारखा लांबलचक, भुरा, चमकता झुपका. ओढून पाहिला, तुटेना! बराचसा धागा कताईसाठी चीनला जातो, काही भारतातल्या गिरण्यांतही येतो. आपल्याकडे लग्नाकार्यात मिरवणाऱ्या लिननच्या कुर्त्याचं माहेर हे असं समुद्रकाठी असू शकतं.

घरं मात्र दिसत नाहीत. लांबून दिसते ती पठाराच्या मध्येच एखादी चौकोनी राई. फाटकातून डोकावलं तर आत आख्खा वाडा: लाकडी पट्ट्यांचं घर, गोठा, सफरचंदाची बाग, डुंबायला बदकांना तळं. भोवती मातीचा उंच बांध आणि त्यावर बीचची झाडं खेटून उभी. कोकणात वाडीला चिऱ्यांचा गडगा घालतात तो गुरांसाठी, हा गडगा वाऱ्यासाठी. बाहेर वारा हँडल हिसकावून घेत होता, आत पानही हलत नव्हतं.

या मुलखाला लपवायची खोडच असावी. पाल्युएलचं अणुवीज केंद्र घ्या. चार अणुभट्ट्या, पण वरून सायकल हाकताना दिसतात त्या विजेच्या तारांच्या रांगा आणि चरणाऱ्या गाई. केंद्र कडा कापून खाली बसवलंय, समुद्राच्याच पाण्यानं थंड होतं, म्हणून ते धुरांड्यांसारखे अवाढव्य मनोरेही नाहीत. जैतापूरच्या निमित्तानं ज्या ईडीएफ कंपनीचं नाव आपण वर्षानुवर्षं वाचतोय, तिचंच हे केंद्र.

एत्रता या गावाबद्दल काय सांगू? खडूची ती प्रचंड कमान, शेजारी समुद्रातून वर आलेला पन्नास मीटरहून उंच सुळका. चित्रकार मोनेनं ती पुन्हा पुन्हा रंगवली, लेखक मोपासाँचं बालपण तिथं गेलं. लाट मागं फिरते तेव्हा हजारो गोटे एकमेकांवर घरंगळतात, पोतंभर सुपाऱ्या फरशीवर ओतल्यासारखा आवाज. सगळं खरं. पण गर्दी अशी की रविवारचं गणपतीपुळे परवडलं. माझं मत विचाराल तर व्हारँजव्हिलचं कड्याच्या टोकावरचं चर्च त्याहून सरस. तिथल्या दफनभूमीत चित्रकार ब्राक चिरविश्रांती घेतोय, आत त्यानंच घडवलेली निळी काचेची खिडकी आहे, आणि कडा दरवर्षी थोडा जवळ येतोय.

पुण्यात सायकल चालवणाऱ्याला सर्वात जास्त धक्का मात्र माणसांचा बसतो. गावाबाहेर सायकलला दीड मीटर जागा सोडूनच पुढं जायचं असा कायदा आहे, आणि तो पाळतात! वळणावर माझ्यामागं दुधाचा टँकर रांगत येत होता, हॉर्न एकदाही नाही. रविवारी सकाळी सत्तरीतले आजोबा एकसारख्या रंगीत जर्सी घालून झुंडीनं बाहेर पडतात, मला सहज मागं टाकतात आणि जाता जाता प्रत्येक जण ‘बोंजूर’ म्हणतो. पाच वेळा टूर जिंकलेला जाक आंकतील इथूनच जवळ, रुआँपाशी जन्मला. आजोबांच्या पिंढऱ्या बघून ते पटतं.

जायचं असेल तर जूनच्या मध्यात जा, रात्री दहापर्यंत उजेड असतो. जवस बघायचं तर दुपारच्या आत बाहेर पडा. आणि एत्रताकडून दिएपकडे जा, उलटं नको: वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो, निदान तो तरी पाठीवर घ्या.