अडलेला वाचक

मी टेक्निकल रायटर आहे असं सांगितलं, की दिवाळीच्या सुमारास हमखास प्रश्न येतो, "यंदा कुठल्या अंकात?" शेजारच्या काकू बंद पडलेला मिक्सर घेऊन येतात. लग्नकार्यात भेटलेले मामा "पण मुळात इंजिनिअरच ना?" एवढी खात्री करून घेतात आणि पंगतीकडे वळतात.

सगळ्यात प्रामाणिक प्रतिक्रिया मात्र वेगळी असते : "माहितीपुस्तिका? ती कोण वाचतं!"

खरं आहे. ती वॉरंटी कार्डासोबत खणात पडून असते. हौसेनं कुणी तिच्या वाटेला जात नाही. खण उघडतो तो अडलेला माणूस. लाल दिवा लुकलुकत असतो, काउंटरसमोर रांग खोळंबलेली असते. असा वाचक मधलंच पान उघडतो, तेव्हा मागचं त्यानं वाचलंय असं धरून चालत नाही. वाचता वाचताच तो बटण दाबतो, म्हणून इशारा कृतीच्या आधी द्यायचा. ‘मशीन बंद करा, त्यापूर्वी फाइल सेव्ह करा’ हे व्याकरणात अचूक असलं, तरी दुसरं वाक्य वाचेपर्यंत फाइल गेलेली असते. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी सोप्या इंग्रजीचे नियम ठरलेले आहेत. त्यांत कृती सांगणारं वाक्य 20 शब्दांपुढे जाऊ देत नाहीत, कारण ते वाचणाऱ्या मेकॅनिकची मातृभाषा इंग्रजी असेलच असं नाही.

मराठी घरांना हा लेखनप्रकार अनोळखी नाही. 1970 साली आलेल्या ‘रुचिरा’त कमलाबाई ओगल्यांनी मापं वाटी-चमच्यांत दिली. पहिल्यांदाच पुरण शिजवणाऱ्या मुलीला ‘अंदाजानं’ या शब्दाचा काही उपयोग नसतो आणि ओट्यावर वजनकाटा नसतो, हे त्यांनी ओळखलं होतं. ते पुस्तक कोण वाचतं, असं कुणी विचारलं नाही.

हल्ली विचारतात, "हे सगळं एआय करत नाही का?" वाक्यं तो छान जुळवतो. पण अपडेट चालू असताना वीज गेली तर काय होईल, हे डेव्हलपरला कुणीतरी विचारावं लागतं. "तसं होत नाही" असं तो म्हणाला, तर प्लग काढून बघावं लागतं. माझा दिवस बहुतेक यातच जातो. लिहायला बसते ते संध्याकाळी.