घर वणेकाठी, पॉलिसी २००९ची

गाडीच्या इन्शुरन्सची तारीख आपल्याला तोंडपाठ असते. मोबाइलवर ओरखडा पडायच्या आत स्क्रीन-गार्ड बदलतो. पण घराची पॉलिसी? ती बाबांच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली, पिवळ्या पडलेल्या फाइलमध्ये.

आमचं घर हिंगणघाटला, मी पुण्यात आयटीत. २००९मध्ये होम लोन देताना बँकेने कर्जाच्या मुदतीएवढी, १५ वर्षांची पॉलिसी सोबत चिकटवली होती. २०२३च्या दिवाळीत मी ती वाचायला काढली, तेव्हा बाबा म्हणाले, "काहून वं? आपल्याइथं काय होऊन राह्यलं एवढं?"

काय होऊन राह्यलं! जुलै २०२२मध्ये वणेचं पाणी गावातल्या वस्त्यांत शिरलं होतं, आमच्या दारापासून दोन वळणं अलीकडे थांबलं. ३१ मे २०१६ला पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा शेजारची गावं रात्रीच रिकामी करावी लागली होती. आणि त्या दिवाळीच्या दीडेक महिना आधी, २३ सप्टेंबरला, नागपुरात लोकांच्या बेडरूममध्ये पाणी होतं. बाबा गप्प झाले.

पॉलिसीत रक्कम ८ लाख. कर्ज तेवढंच होतं ना! वरचा मजला नंतर चढला, तो कागदावर नाहीच. आता गणित बघा. घर पुन्हा बांधायला २४ लाख लागणार असतील आणि विमा ८चा असेल, तर ३ लाखांच्या नुकसानीला हातात पडतो १ लाख. जुन्या फायर पॉलिसीत हा 'अ‍ॅव्हरेज'चा नियम असायचा. शिवाय घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवायचं तर कंपनीची आधी लेखी संमती हवी. आणि आईबाबा दर उन्हाळ्यात दोन महिने माझ्याकडे!

"पण आपलं घर तर ६० लाखाचं आहे," बाबांचा मुद्दा. प्लॉटसकट, बाबा. जमीन वाहून जात नाही, विमा बांधकामाचा असतो. कार्पेट एरिया गुणिले आजचा बांधकामाचा दर, बस्स.

१ एप्रिल २०२१पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात ती अ‍ॅव्हरेजची कात्री नाही. घरातल्या सामानाला बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, कव्हर आपोआप मिळतं. अनेक वर्षांची एकदम घेतली तर बांधकामाची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते, जादा प्रीमियम न घेता. आम्ही तीच घेतली, वरच्या मजल्यासकट.

आईचा प्रश्न मात्र सगळ्यात कामाचा निघाला. "माझ्या पाटल्या?" दागिन्यांचं कव्हर वेगळं मागावं लागतं, ते मूळ पॉलिसीत नसतं. आणि चोरी? पूर, आग असं काही झाल्यानंतरच्या ७ दिवसांतलीच धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी निराळं कव्हर. बंद घराचे मालक हे वाचताहेत ना?

एजंटने सामानाची यादी आणि फोटो जपून ठेवायला सांगितलेत. ते काम आईने अंगावर घेतलंय. काल व्हॉट्सअ‍ॅपवर ४३ फोटो आले. त्यातले ६ एकट्या कूलरचे, एक तर मागच्या बाजूने.