फाल्गुनातली पाने

सह्याद्रीत पानांच्या रंगांचा हंगाम येतो तो होळीच्या आसपास, दसरा-दिवाळीला नव्हे. शनिवार-रविवारचा बेत बहुधा इथेच फसतो. काश्मीरचे चिनार ऑक्टोबरअखेर तांबडे होतात. अमेरिकेच्या ईशान्येकडचे मेपलही त्याच महिन्यात रंगतात, आणि तिकडच्या भाचरांचे फोटो पुण्यातल्या मोबाइलवर येऊ लागले की इकडेही पिशव्या भरल्या जातात. दिवाळीच्या सुटीत पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर महाबळेश्वरच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. महाबळेश्वरचे रान मात्र जांभूळ-अंजनीचे, बाराही महिने हिरवे. ऑक्टोबरात तर पावसाने धुतलेले, अधिकच गर्द. तिथे थंडी मिळेल, स्ट्रॉबेरीची रोपे दिसतील; लाल पान शोधूनही सापडणे कठीण.

कारण हवामानात आहे. थंड देशांत दिवस आखडू लागले आणि गारठा वाढला की झाड पानातले हरितद्रव्य मोडून परत घेते. मग आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि काही जातींत लाल रंग नव्याने तयार होतो. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो, आणि डोंगरातल्या झाडांना खरी धास्ती असते ती पाण्याची. पाऊस संपून तीन-चार महिने झाले, जमीन कोरडी पडली, की साग, ऐन, शेमट पाने टाकू लागतात. ही पानगळ पिवळट-तपकिरी, काहीशी निरुत्साही. खरा रंग तिच्यानंतर, कोवळ्या पालवीत येतो. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायला वेळ लागतो, तोवर लाल द्रव्य पुढे असते. हे द्रव्य कोवळ्या पानाला तीव्र उन्हापासून वाचवत असावे, असा एक तर्क आहे.

या लालीत पहिला मान कोशिंबाचा. कुसुंब म्हणतात ते हेच झाड. फाल्गुनात त्याची सगळी फांदी एकदम तांबडी होते. लांबून पाहणाऱ्याला ती फुलेच वाटतात. पिंपळाची पालवी तांबूस-गुलाबी, आंब्याची जांभळट तांबडी. पळस, पांगारा आणि काटेसावर यांच्या लालीचे श्रेय फुलांना जाते, पण त्या वेळी फांद्यांवर पाने जवळजवळ नसतात, म्हणून फोटोत तेही याच कुळात बसतात. देशी बदाम तेवढा परदेशी रीत पाळतो: हिवाळ्याच्या शेवटी त्याची जुनी पाने गळण्याआधी लालभडक होतात, आणि तेही थेट शहरातल्या सोसायटीच्या फाटकाशी.

तारीख ठरवणे हे या बेतातले अवघड काम. कोशिंबाची लाली फार दिवस टिकत नाही. मग पाने पोपटी होतात आणि पाहता पाहता हिरवी. शेजारशेजारच्या दोन झाडांतही मागेपुढे असते. एक लाल, तर दुसरे अजून निष्पर्ण. त्यामुळे महिनाभर आधी खोली राखून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. जिथे जायचे त्या भागातल्या कोणाला तरी फोन करावा आणि येत्या शनिवारी निघावे. मार्चमध्ये हे जमतेही. घराघरांत दहावी-बारावीच्या आणि शाळेच्या परीक्षा असतात, सहलीची गर्दी ओसरलेली असते, आणि पुण्यातली मध्यमवर्गीय घरे या महिन्यात पर्यटनाचे नावही काढत नाहीत.

स्वारगेटहून सोयीची दिशा भोरची. कात्रज मागे टाकून, कापूरहोळला महामार्ग सोडून, सुमारे पन्नास किलोमीटरवर भोर. पुढचा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या कडेने वरंधा घाटाकडे जातो. ओढ्याकाठच्या ओलाव्यात पालवीची झाडे शोधावीत. भोरपर्यंत गाड्या मुबलक, त्यापुढे मोजक्या. शनिवारी संध्याकाळी आतल्या गावात जाणारी मुक्कामी एसटी फोटोवाल्याला सोयीची वाटते, पण तिचा पेच असा की ती परतते पहाटे, नेमकी प्रकाश चांगला होऊ लागतो तेव्हा. म्हणजे गावात राहायचे तर दुपारच्या गाडीने परतण्याचा हिशेब आधीच करून ठेवावा लागतो. स्वतःची दुचाकी असेल तर हा प्रश्न मिटतो आणि झाड दिसेल तिथे थांबताही येते. एसटीच्या खिडकीतून दिसलेला लाल कोशिंब वळणामागे जातो, आणि पुढचा थांबा दोन किलोमीटरवर असतो.

मार्चमध्ये सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. त्यानंतरचे दोन तास आणि संध्याकाळचा शेवटचा दीड तास कामाचा. दुपारी ऊन पांढरे पडते आणि डोंगर धुरकट दिसतात. कोवळे पान पातळ असते, म्हणून सूर्य पाठीशी घेण्यापेक्षा पानामागे ठेवावा. रंग आतून उजळतो. कॅमेऱ्याने रंगांचा समतोल आपोआप साधू दिला तर तो लाली फिकी करतो, तेव्हा तो उन्हासाठीच्या स्थिर मूल्यावर ठेवावा. एक्स्पोजर थोडे कमी धरावे, कारण गडद लाल रंगातला तपशील आधी जातो. पानांवरची चकाकी पोलरायझर घालवतो. दरीपलीकडच्या उतारावरच्या एकट्या झाडासाठी लांब पल्ल्याची लेन्स हवी. मोबाइल तिथे कमी पडतो.

ड्रोन न्यायचा असेल तर परवानगीचे नियम आधी पाहावेत. ताम्हिणीसारखे भाग अभयारण्यात येतात. याच दिवसांत वाळलेल्या गवताला वणवे लागतात. एखाद्या उतारावर धूर दिसला तर तो उतार सोडून द्यावा, आणि आपल्याकडून काडी पडणार नाही हे पाहावे. देवराईत फांदी वाकवून, पाने तोडून चौकट सजवू नये.

शनिवार हुकलाच तरी पुण्यातल्याच तळजाईच्या टेकडीवर निष्पर्ण गिरिपुष्पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये फिकट गुलाबी फुले येतात, आणि शहरातल्या पिंपळांची पालवी पाडव्याच्या सुमारास पाहायला मिळते. पर्वती-तळजाईसाठी तर स्वारगेटहून रिक्षाही पुरते.