नानांचा कोपरा

आमच्या दिवाणखान्यातील चामड्याच्या सोफ्याचा खिडकीकडचा कोपरा वडिलांचा, म्हणजे नानांचा. पंधरा उन्हाळे सोसून त्या चामड्याला बारीक भेगा पडल्या होत्या आणि डोके टेकण्याच्या जागी तेलाने रंग पार उडाला होता. नवा सोफा घेऊ, असे मी सुचवले, तेव्हा ८२ वर्षांचे नाना एवढेच म्हणाले, "अरे, मग मी बसू कुठे?"

म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी मीच तो रंगवायला घेतला. नागपूरचा पारा ४५ अंशांकडे झुकलेला. जुन्या रंगावरचा चकाकीचा थर काढण्यासाठी अॅसिटोनचा बोळा फिरवू लागलो. कूलर सुरू होता, नाना आतल्या खोलीत निजले होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. अर्ध्या तासात त्यांचा खोकला ऐकू आला. जाऊन पाहतो तो छातीत घरघर, ऑक्सिजन ९१.

खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि ती हवा कुठूनतरी बाहेर पडतेच. त्या दुपारी तिला मोकळी वाट एकच होती, नानांच्या खोलीतून. जुन्या दम्याच्या माणसावर सगळी वाफ मीच सोडली होती. स्पेसर लावून इनहेलर दिला, त्यांना मागच्या अंगणात सावलीत बसवले. श्वास जाग्यावर यायला तासभर लागला. रुग्णांच्या घरच्यांना मी रंगापासून, उदबत्तीपासून जपायला सांगत असतो, आणि माझ्याच घरी हे! देवघरात समई तेवत होती, हेही मागाहून ध्यानात आले. अॅसिटोनची वाफ सहज पेट घेते.

सोफा तसाच अर्धवट डिसेंबरपर्यंत राहिला. थंडीत तो ओसरीवर काढला, सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसला आणि या खेपेस पाण्यात मिसळणारा रंग आणला. आधी मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी लावून पाहिला. मग स्पंजने पातळ हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला आणि शेवटी संरक्षक थर. (आपला सोफा खरोखर चामड्याचा आहे ना, हे आधी पाहावे. गादीची चेन उघडून उलट बाजूस विणलेले कापड दिसले, तर ते बहुधा रेक्झिन. त्यात हा रंग मुरत नाही, पापुद्र्यांनी निघून येतो.)

वास पुरता जाईपर्यंत सोफा आत आणला नाही. त्यावर ओला पांढरा रुमाल घासून पाहिला. रुमालाला रंग लागला असता, तर नानांना बसू दिले नसते. म्हातारपणी कातडी पातळ होते आणि घामाने कच्चा रंग अंगाला लागतो. त्याच वेळी दबलेला फोम बदलून बैठक त्यांच्या गुडघ्यांच्या उंचीला आणली. खरे तर हे काम आधीच व्हायला हवे होते. खोल बैठकीतून उठताना ते दर वेळी सुनेचा हात धरत.

नाना आले, हात फिरवला, बसले, कुणाचाही हात न धरता उठले आणि पुन्हा बसले.

"रंग जरा गडद झाला," म्हणाले आणि चष्मा पुसून त्यांनी वर्तमानपत्र उघडले.